चार टोपणं तेल

संगाप्पा चहाचासुद्धा आधी वास घ्यायचा. कँटीनमधून कप आला की तो नाकाखाली धरायचा, डोळे बारीक करायचा, जरा थांबायचा आणि मग, आज या चहाला सोडून देऊ अशा चेहऱ्यानं घोट घ्यायचा. कँटीनवाला चिडायचा. "ओ संगाप्पा, इख कालवलं का मी चहात?" संगाप्पाचं उत्तर ठरलेलं होतं. "तू न्हाई कालवणार. पर दूध कुठून आलं ते तुला तरी ठाव हाय का?" कँटीनवाल्याला ते खरंच ठाऊक नसायचं, आणि मग दिवसभर तो स्वतःच आपल्या पातेल्यात वाकून बघत बसायचा.

मी चाकूरच्या त्या कॉलेजात हेडक्लार्क होतो. संशय घेणं हे माझं पगारी काम होतं. रजेचा अर्ज आला की खरंच ताप आहे का, खडूचा खोका संपला की खरंच संपला का, हे बघायला संस्थेनं मला बसवलं होतं. संगाप्पा तेच काम फुकट करायचा, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचा. त्यामुळे आमचं जमलं असावं.

तो मूळचा निलंग्याकडचा, पार कर्नाटकाच्या सीमेवरचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्हींची मिसळ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या पेटीत लिंग, अंगात खाकी शर्ट. भेटला की "शरणार्थ, भाऊसायेब" म्हणायचा. शर्टाला बटणाचे दोन खिसे होते. उजव्या खिशात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक प्लास्टिकचं टोपण असायचं आणि डाव्या खिशात, फडक्यात गुंडाळलेला, एक स्पार्क प्लग. हे दोन्ही का, ते सांगण्यासाठी आधी जिल्ह्याची गोष्ट सांगायला हवी.

त्या सुमारास लातूरचे दोन जिल्हे होणार अशी हवा होती. लातूर स्वतःच उस्मानाबादेतून निघालेला, आता त्याच्यातून आणखी एक निघणार. मुख्यालय कुठं, यावर उदगीरवाले आणि अहमदपूरवाले भांडत होते. आमच्या अध्यक्षसाहेबांचं मत असं की दोघांच्या भांडणात मुख्यालय शेवटी चाकूरला येणार. हे मत तालुक्यात त्यांचं एकट्याचंच होतं, पण कॉलेजही त्यांचंच होतं. घोषणेला हेलिकॉप्टर येणार, ते उतरायला आपलंच मैदान, मग मैदान कायम साफ पाहिजे. एवढ्या विचारावर त्यांनी लातूरहून गवत कापायचं मशीन आणलं. पेट्रोलवर चालणारं, खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं, लांब दांडा आणि टोकाला गरगरणारी नायलॉनची दोरी.

मशीन दाखवायला कंपनीचा एक पोरगेला एजंट आला होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांवर धूळ नाही. त्यानं मशीन सुरू करून दाखवलं, चार हात कुसळ उडवलं आणि म्हणाला, "मेंटेनन्स म्हणाल तर काही नाही साहेब. पेट्रोल टाका आणि चालवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. संगाप्पा मागे उभा होता. तो पुढं आला, टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, एक थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळला.

"याच्यात ऑइल हाय."

"हो, ते थोडं..."

"मंग निस्तं पेट्रोल टाका कामून म्हणलास?"

एजंट गडबडला. मग खरं बाहेर आलं. हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वंगण वेगळं नसतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला चाळीस मिली. नाही मिसळलं तर पिस्टन आत चिकटून बसतो आणि मशीन भंगारात. संगाप्पानं आणखी अर्धा तास त्याची उलटतपासणी घेतली. हवेचा स्पंज कधी धुवायचा, प्लगमध्ये फट किती, दांड्याच्या टोकाला ग्रीस कुठून भरायचं, धूर जातो त्या नळीत काजळी साचते का. निघताना एजंटचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो गेल्यावर संगाप्पा मला म्हणाला, "भाऊसायेब, जो म्हणतंय काईच करावं लागत न्हाई, त्याच्यावर लई नजर ठिवा."

अध्यक्षसाहेबांनी मशीन त्याच्याच ताब्यात दिलं. एकोणीस वर्षं तो रोजंदारीवर होता. जिल्हा झाला की संस्थेचा पसारा वाढणार आणि सहाजण कायम होणार, असं अध्यक्षसाहेब म्हणाले होते. त्या सहा नावांची यादी मी टाइप करणार होतो. यादीचा विषय निघाला की इतर लोक आपल्या घरची अडचण सांगायचे. संगाप्पा स्वतःचे दोन्ही तळवे माझ्या टेबलावर ठेवायचा. "मला न्हाई कायम केलं तरी चालंल. या हाताला कायम करा. हा हात चुकत न्हाई."

आणि तो हात खरंच चुकत नव्हता.

सोमवार हा मशीनचा वार. संगाप्पाचा त्या दिवशी उपास असायचा. सकाळी लिंगपूजा करून तो यायचा, स्टोअरसमोरच्या ओट्यावर पोतं पसरायचा आणि मशीन त्याच्यावर आडवं घ्यायचा. मग एकेक करून सगळं उघडायचा. हवेचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला की तडकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायचा आणि त्याची फट बघायला हॅक्सॉचं तुटकं पातं घालायचा. पातं सरकत आत गेलं पाहिजे, पण ढिलं जाता कामा नये. गिअरमध्ये ग्रीस भरायचा. मग पेट्रोलच्या बाटलीत ऑइल. त्यासाठी ते खोकल्याच्या औषधाचं टोपण. एक टोपण म्हणजे दहा मिली, लिटरला चार टोपणं. मोजायचा मात्र कानडीत. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु."

मी एकदा विचारलं, "कानडीत का हो?"

"मराठीत मोजलं की कुणीतरी मधीच बोलतंय. माणूस इसरतंय. कानडीत बोलायला इथं कुणी न्हाई."

दहा मिनिटं मशीन चालवायचं, ऐकायचं, बंद करायचं, टाकी रिकामी करायची. उरलेलं पेट्रोल परत डब्यात ओतायचं नाही, कारण मिसळलेलं पेट्रोल दोन आठवड्यांत शिळं होतं आणि आतली बारीक भोकं चोंदवतं. शेवटी प्लग काढून फडक्यात गुंडाळून डाव्या खिशात, वर बटण. प्लगशिवाय मशीन चालत नाही. म्हणजे रात्रंदिवस मशीनचा जीव संगाप्पाच्या छातीवर. स्टोअरला कुलूप होतं, कुलपाची किल्ली त्याच्याकडेच होती, तरीही.

सोमवार सोडला तर तो गावी जायचा तेव्हाच फक्त प्लग खिशातून बाहेर यायचा. तो माझ्या टेबलाशी येऊन फडकं ठेवायचा. "ड्रावरमधी ठिवा. चावी लावा." प्राचार्यांनी एकदा मागितला होता तर त्यांना म्हणाला होता, "तुमच्याकडं लई लोक येतेत सायेब." मला याचं काही विशेष वाटलं नव्हतं. हेडक्लार्ककडे लोक वस्तू ठेवतातच.

आणि मग दुष्काळ पडला.

पहिल्या वर्षी पाऊस पडला नाही, दुसऱ्या वर्षी विहिरी गेल्या. लातुरात पाणी रेल्वेनं आलं, आमच्याकडं टँकरनं, दहा-बारा दिवसांनी एकदा. टँकरलासुद्धा संगाप्पानं नाक लावलं. एकदा कॉलेजच्या हौदाशी टँकर उभा राहिला, बायका घागरी घेऊन रांगेत, आणि यानं पाइपला नाक लावून ओरडून सांगितलं, "बंद करा! डिझेलचा वास यायलाय!" ड्रायव्हरशी हमरीतुमरी झाली. आणखी कुणालाच वास येत नव्हता. शेवटी ड्रायव्हर चिडून टँकर घेऊन निघून गेला आणि पुढं कुठल्यातरी वस्तीवर रिकामा करून आला. पुढचा टँकर पाचव्या दिवशी आला. ते पाच दिवस अख्खी गल्ली संगाप्पाला शिव्या घालत होती. डिझेल होतं की नव्हतं, हे आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "व्हतं." मग थोडं थांबून, "आसंल."

अशा दिवसांत मैदानावर गवत कुठलं? कडेला दोन वर्षांपूर्वीचं वाळलेलं कुसळ तेवढं उभं होतं. बाकी भेगा. पण संगाप्पाचा सोमवार चुकला नाही. पोतं, स्पंज, प्लग, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, दहा मिनिटं भर्रर्र. लोक घागरी घेऊन जाता जाता थांबून बघायचे. त्यातच एक दिवस कुणाला तरी दिसलं की स्टोअरच्या खिडकीत एका तांब्यात पाणी भरून ठेवलंय आणि त्यात नायलॉनच्या दोरीचं वेटोळं भिजतंय. झालं. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा दोरीला पाणी पाजतो! प्रकरण माझ्यापर्यंत आलं. संगाप्पा म्हणाला, "ह्या उन्हात दोरी वाळून कडक व्हतीय. कडक झाली की फिरताना तुकडं व्हतेत, कुणाच्याबी डोळ्यात जातेत. भिजीवली की लवती. आन् ते माझ्या वाटणीचं पाणी हाय. म्या दुपारचं पीत न्हाई."

मी ते ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही.

खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात दुसराच किडा शिरला होता. पाच लिटरचा पेट्रोलचा डबा महिन्याला संपत होता. गवत एक काडी कापलं जात नाही आणि डबा रिकामा! आणि संगाप्पाकडं लुना होती. जुनी, खडखडणारी, कॉलेजपासून आठ किलोमीटरवरच्या वस्तीवरून तो रोज तिच्यावर यायचा. लुनालासुद्धा तेच लागतं. पेट्रोलमध्ये ऑइल. अगदी तस्संच.

एकदा संशय डोक्यात शिरला की सगळं जुळायला लागतं. तो स्टोअरची किल्ली कुणाला का देत नाही? लुना बरोबर स्टोअरच्या भिंतीलाच का लावतो? डबा नेताना इकडंतिकडं का बघतो? तो आयुष्यभर इकडंतिकडं बघतच जगला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी डब्याला बाहेरून पेनानं खुणा केल्या. दर आठवड्याला पातळी खाली. त्याला थेट विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण संशयी माणसाला विचारायचं नसतं, पकडायचं असतं. मीही त्याच्याच पंथातला.

मी सापळा लावला. अजून लिहिताना लाज वाटते.

डबा संपला होता. एका शनिवारी मी स्वतः पंपावर गेलो आणि डबा भरून आणला. एरवी हे काम संगाप्पाचं. पंपावर तो आधी बाटलीत थोडं घ्यायचा, उन्हात धरून तळाला पाणी बसतं का बघायचा, आणि मगच डबा पुढं करायचा. पंपवाले त्याला बघून तोंड फिरवायचे. मी आणलेल्या डब्यात ऑइलचा थेंबही टाकला नाही, पण या खेपेला आधीच मिसळून आणलंय असं त्याला सांगायचं होतं, म्हणजे तो आपलं ऑइल टाकणार नाही. माझा हिशेब साधा होता. मशीनला हा सोमवारशिवाय हात लावत नाही आणि सोमवारी सकाळी तो यायच्या आत माझ्या ड्रॉवरमधल्या दुसऱ्या किल्लीनं स्टोअर उघडून मी गुपचूप ऑइल ओतून ठेवीन. मधल्या दीड दिवसात यानं लुनात भरलं की लुना रस्त्यातच बसेल. ढकलत आला की चोर सापडला.

डबा मी त्याच्या हातात दिला.

"ऑइल?" त्यानं विचारलं.

"टाकलंय. मी स्वतः मोजून टाकलंय."

हे वाक्य मी सहज बोलून गेलो. तो डबा घेऊन स्टोअरकडं गेला. मी बघत होतो. त्यानं झाकण उघडलं नाही. नाकाशी नेलं नाही. तसाच आत ठेवला आणि कुलूप लावलं. मला वाटलं, बघ, चोराच्या मनात चांदणं, वास घ्यायचंही भान नाही.

संध्याकाळी मी हदगावला गेलो. मेहुण्याच्या पोरीचं लग्न होतं, रविवारचं. आणि त्याच रविवारी सकाळी अध्यक्षसाहेबांना फोन आला, की मंगळवारी दुष्काळाची पाहणी करायला मंत्री येतायत, हेलिकॉप्टरनं, आणि चाकूरचं मैदान चालेल का. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते हेलिकॉप्टर जिल्हा घेऊन नाही, दुष्काळ बघायला येणार होतं. पण हेलिकॉप्टर ते हेलिकॉप्टर. संगाप्पाला वस्तीवरून बोलावून घेतलं. वाळकं कुसळ सगळं काढायचं. पेटलं तर भडका उडेल.

मला हे सगळं नंतर कळलं. मी हदगावच्या मांडवात जिलेबी खात होतो तेव्हा संगाप्पानं खिशातून प्लग काढून बसवला, माझ्या डब्यातलं पेट्रोल टाकीत भरलं आणि भर उन्हात मशीन खांद्याला लावलं. एक पट्टा झाला, दोन झाले. साधारण पाऊण तासानं मशीनचा आवाज बदलला, बारीक झाला, किंचाळल्यासारखा झाला आणि बंद पडला. त्यानं इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी हललीच नाही. बघणारे सांगतात, तो मशीन उतरवून तिथंच मैदानात मांडी घालून बसला आणि उघड्या टाकीत बघत राहिला.

हेलिकॉप्टर मंगळवारी दुसऱ्याच एका शाळेच्या मैदानावर उतरलं.

मी सोमवारी आलो तेव्हा मशीन लातूरला गेलं होतं. मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि फोनवर सांगितलं, बिगर ऑइलचं चालवलंय, पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही गेले. संगाप्पाची लुना स्टोअरच्या भिंतीला उभी होती, ठणठणीत. तिच्यात माझ्या डब्यातला एक थेंब गेला नव्हता. स्टोअरच्या आत, लायब्ररीच्या बाजूच्या भिंतीशी मला पहिल्यांदा तेलकट डाग दिसले. वाळवीच्या भोकांत. दर सोमवारी टाकीतून काढलेलं शिळं पेट्रोल तो तिथं ओतायचा. म्हणूनच दोन वर्षांत लायब्ररीच्या पुस्तकांना वाळवी लागली नव्हती. उरलेलं पेट्रोल उन्हानं उडत होतं. मराठवाड्याच्या उन्हात प्लास्टिकच्या डब्यातून उडेल नाहीतर काय.

चौकशी अध्यक्षसाहेबांच्या खोलीत झाली. पाच मिनिटांत.

"ऑइल टाकलं होतं का नाही?"

मी त्या खोलीत होतो. कागद घेऊन, इतिवृत्त लिहायला. आता बोललो तर सापळ्याचं सांगावं लागणार, आणि सापळ्याचं सांगितलं तर मशीन मी मारलं हे सांगावं लागणार, हेलिकॉप्टर माझ्यामुळं गेलं हे सांगावं लागणार. मी संगाप्पाकडं बघितलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, डबा भाऊसायेबांनी दिला, त्यांनाच इचारा. म्हणाला असता तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय.

तो म्हणाला, "मीच इसरलो आसंन."

"असेन म्हणजे?"

"भाऊसायेबांनी टाकलं म्हणले व्हते. म्हणजे त्यात व्हतं. मंग मी मधी कवातरी डबा बदलला आसंल, न्हाईतर टाकी धुताना काई चुकलं आसंल. मला याद न्हाई. पर हात माझाच हाय."

बाहेर आल्यावर मी कसंबसं विचारलं, "संगाप्पा, तुम्ही वास घेतला नव्हता?"

"तुमच्या हातचं व्हतं, भाऊसायेब. त्याला काय वास घ्यायचा?"

ज्या माणसानं चहावर, टँकरवर, पंपावर, प्राचार्यांवर भरवसा ठेवला नाही, त्यानं जगात एकच डबा न हुंगता घेतला होता, आणि तो माझा होता. ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या त्या प्लगचा अर्थ मला तेव्हा कळला. मी तरीही बोललो नाही.

कायम करायच्या सहाजणांची यादी पुढं झालीच, जिल्हा न होताही. त्यात संगाप्पा नव्हता. यादी मीच टाइप केली.

त्यानंतर तो दोन वर्षं कॉलेजात होता, गेटवर. आणि त्या दोन वर्षांत एक विचित्र गोष्ट झाली. संगाप्पानं लोकांवर संशय घेणं सोडून दिलं. चहा आला की सरळ प्यायचा. टँकर आला की मान वर करायचा नाही. कँटीनवाल्यालासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं झालं. सगळा संशय त्यानं एकाच माणसावर आणून ठेवला, स्वतःवर. गेटला कुलूप लावून दहा पावलं जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. मग मला विचारायचा, "भाऊसायेब, म्या कुलूप लावलं ना? तुम्ही बघितलं ना?" लुनात ऑइल टाकताना चार टोपणं मोजायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजून टाकायचा. त्याची लुना इतका धूर सोडायची की गेटवर तो आला हे वर्गातल्या पोरांना वासावरून कळायचं. पोरं हसायची. मी खिडकी लावून घ्यायचो.

भंगारात काढलेलं ते मशीन त्यानं जाताना मागून घेतलं. कुणी हरकत घेतली नाही.

तो निलंग्याकडं गावी गेला त्याला वर्ष होऊन गेलं असेल. मीही निवृत्त झालो होतो. एक दिवस त्याचा फोन आला. मशीन दुरुस्त झालंय, नवा पिस्टन, नवा सिलिंडर, पोरीनं पैसे दिले. "बघायला या. आन् येताना निलंग्याच्या पंपावरून एक लिटर पेट्रोल आणा. गावात भेटत न्हाई. तुमच्याच हातानं आणा, दुसऱ्या कुणाकडं देऊ नका."

तुमच्याच हातानं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. बायकोला वाटलं, कुणी गेलं की काय.

त्याचं घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण. त्या वर्षी पाऊस बरा होता, बांधावर गवत गुडघ्याला लागत होतं. अंगणात पोतं पसरलेलं, त्यावर ते मशीन. दांड्यावरचा रंग गेलेला, पण इंजिन आरशासारखं पुसलेलं. संगाप्पा वाळला होता. त्याच्या बायकोनं, नीलव्वानं, पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "सायेब, तुमीच सांगा ह्यांना काईतरी. भाजीत मीठ म्या टाकते आन् हे मला इचारतेत, 'म्या टाकलं का?' रोज चार बार."

मी पेट्रोलची बाटली मांडीवर धरून बसलो होतो. ती त्याला द्यायच्या आधी बोलायचं, एवढं मी येताना एसटीत ठरवलं होतं.

"संगाप्पा," मी म्हणालो, "त्या डब्यात ऑइल नव्हतं. मी टाकलंच नव्हतं. तुम्ही लुनात पेट्रोल भरता का ते बघायला मी मुद्दाम तसा डबा दिला. तुमचा हात चुकला नव्हता. कधीच चुकला नव्हता."

नीलव्वा दारात उभी होती, ती आत गेली. संगाप्पानं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिला. बोटांच्या पेरांत ग्रीस होतं. त्यानं मूठ मिटली, उघडली. मला वाटलं, आता शिवी देईल, मला शिवी हवीच होती.

"म्हणजे म्या इसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही."

"चारी टोपणं बराबर व्हती. सगळ्या सोमवारी."

"हो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलंही नाही. मी माफी मागितली, आणि ती त्याला ऐकू गेली की नाही हे मला माहीत नाही, कारण तो दुसरीकडंच कुठंतरी बघत होता. मग त्यानं हात पुढं केला. मी बाटली दिली.

त्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि ती नाकाखाली धरली. डोळे बारीक केले. मग एक थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळला. बाटली वर करून उन्हात धरली, तळाला काही बसलंय का ते बघितलं. हे सगळं अगदी सावकाश, माझ्यासमोर, माझ्या बाटलीचं. मान खाली घालून मी ते बघत होतो आणि मला खोटं सांगायचं नाही, मला बरं वाटत होतं.

"निखळ हाय," तो म्हणाला.

मग उजव्या खिशातून ते टोपण काढलं. "ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु." तो थांबला. त्यानं पुन्हा मोजलं नाही. टोपण पुसून खिशात टाकलं, बाटली हलवली, टाकी भरली आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन लागलं. बांधावरचं गवत त्यानं दोन हात कापलं, कान देऊन ऐकलं आणि बंद केलं.

मी निघायला उठलो तेव्हा तो पोत्यावर वाकून प्लग काढत होता. गरम असेल, त्यानं फडक्यात धरला. पूर्वी अशा वेळी तो फडकं माझ्या पुढ्यात ठेवायचा, आणि माझा हात आपसूक थोडासा पुढं झाला. संगाप्पानं त्या हाताकडं बघितलं. मग फडकं स्वतःच्या डाव्या खिशात टाकलं, आणि माझ्यावरची नजर न काढता खिशाचं बटण लावलं.